साहेबांचा निरोप आणि माझा गाल

डाव्या गालाच्या आत, मागून दुसऱ्या दाढेच्या अगदी शेजारी मला एक फोड आला. पत्ता एवढा बारकाईने सांगतोय, कारण पुढचे बरेच दिवस माझा सगळा जीव तिथेच राहायला गेला होता. बाकीचा मी, म्हणजे हातपाय, चष्मा आणि जेवणाचा डबा, ऑफिसला जाऊन येत होतो इतकंच.

फोड तसा फार मोठा नव्हता. आरशात बघितला तर डाळीच्या दाण्याएवढा. मधे पांढरा, कडेने लाल. पण जिभेने बघितला तर बशीएवढा. आणि जिभेला तर दुसरं काम उरलंच नव्हतं. मी तिला समजावलं, दटावलं, उजव्या गालाशी नेऊन बसवली. माझं लक्ष जरा दुसरीकडे गेलं की ही परत फोडावर हजर. बसलो तर चैन नाही, उठलो तर चैन नाही. वर्तमानपत्राची एकच बातमी मी सकाळभर वाचत होतो आणि ती कशाबद्दल होती ते आजही सांगता येणार नाही.

"अहो, आरसा मोकळा कराल का?" बायको म्हणाली.

"अगं, जरा टॉर्च धर."

तिने टॉर्च धरला. "आ करा. अजून मोठा. हं. तोंड आलंय. येतं आणि जातं. आधी तो ब्रश फेका, खराटा झालाय त्याचा. आणि मी काय म्हणत होते, स्वयंपाकघरातला नळ..."

मी हात वर करून तिला थांबवलं. फोड आलेल्या माणसाशी नळाबद्दल बोलायचं म्हणजे कमाल झाली. शिवाय मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांच्या नळांबद्दलच ऐकून घरी येतो. घरी तरी नळ नको, असं मी तिला पूर्वीच सांगून ठेवलंय.

आता एखाद्याला वाटेल, फोड तो काय आणि त्याचं एवढं कौतुक काय. पण महिनाअखेरीला आमचे मोठे साहेब निवृत्त होणार होते, आणि निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. आमच्या कार्यालयात कोणीही निवृत्त झालं की भाषण मीच करतो. खिडकीवर मला सगळे शिव्या देतात, बढतीच्या वेळी मला सगळे विसरतात, पण निरोपाच्या वेळी मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत मला ऐकतात. दोन वेळा तर निवृत्त होणाऱ्यापेक्षा त्याची बायको जास्त रडली होती, कारण इतका चांगला माणूस आपल्या घरात राहतोय हे तिला माहीतच नव्हतं. या एका गोष्टीवर मी त्या इमारतीत मान ताठ ठेवून चालतो. ती गेली तर माझ्याकडे खिडकी तेवढी उरते.

आणि ती घ्यायला आवक-जावक विभागातले लाउडस्पीकर टपलेलेच होते. हे त्यांचं टोपणनाव. आवाज इतका खणखणीत की साधं 'पेन देता का' म्हणाले तरी शेजारच्या विभागातले लोक पेन घेऊन येतात. मी पहिल्या दिवशी गाल धरून ऑफिसात शिरलो तसे ते जवळ आले. "तुम्ही तब्येत सांभाळा हो. भाषणाचं काय, मी आहेच." माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "बघू."

आमच्याकडच्या भाषणाची एक रीत आहे, ती सांगायला हवी. भाषण आधी लिहून वर पाठवावं लागतं. वर म्हणजे ज्याचा निरोप त्याच्याकडेच. स्वतःची स्तुती तो स्वतः तपासतो, दुरुस्त करतो, खाली सही करून मंजूर करतो आणि मग मी ती उत्स्फूर्तपणे करतो. त्यावर निवृत्त होणारा माणूस भारावून जाऊन जे उत्तर देतो, तेही मीच लिहून देतो, तेही मंजूर होऊन येतं. दोन्ही कागद एकाच फायलीत असतात. ही रीत कोणी पाडली ठाऊक नाही, पण तीत कोणाला काही चमत्कारिक वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

साहेबांनी मसुदा पहिल्यांदा परत पाठवला तेव्हा समासात लाल शाई होती. 'कर्तव्यदक्षच्या आधी अत्यंत घालावे.' घातलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा 'शिस्तप्रिय पण प्रेमळ' याच्यापुढे शेरा होता, 'पण का? खुलासा करावा.' मी खुलासा लिहून जोडला आणि 'पण'च्या जागी 'आणि' केलं. आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा शेवटच्या पानावर साहेबांच्या स्वतःच्या हाताने एक अख्खं वाक्य लिहिलेलं होतं. 'हा मुद्दा नजरचुकीने राहिलेला दिसतो. तक्रार खिडकीवरची टोकन पद्धत ही साहेबांचीच कल्पना, असा उल्लेख यावा.'

मी ते वाक्य वाचलं आणि माझ्या गालात कळ उठली.

कारण टोकन पद्धत माझी आहे. पूर्वी आमच्या खिडकीवर रांग नव्हती, नुसती झोंबाझोंबी होती. एकदा एका गृहस्थांनी गढूळ पाण्याची बाटली मला दाखवायच्या भरात माझी बाही खांद्यापासून उसवली. घरी आलो, बायको बाही शिवायला बसली. शिवता शिवता ती दवाखान्यातल्या बिल्ल्यांबद्दल काहीतरी सांगत होती, माझं नीट लक्ष नव्हतं. आणि तेवढ्यात, एकदम, मला कल्पना सुचली. लोकांना आकडे लिहिलेली टोकनं द्यायची! बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे काढले, बायकोने वाटी ठेवून गोल कापून दिले, मी आकडे घातले, प्रस्ताव वर पाठवला आणि तोवर टोकनं वाटायलाही लागलो. तेव्हापासून आमच्याकडे माणसं शांत बसून आपल्या आकड्याची वाट बघतात. साहेबांचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की त्यांनी वर्षभर त्या प्रस्तावावर 'चर्चा करावी' असं लिहून ठेवलं होतं आणि चर्चा कधी केली नाही.

आणि आता हे मी, माझ्या तोंडाने, सगळ्या कार्यालयासमोर साहेबांचं म्हणून सांगायचं! मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं.

"हं?" साहेब म्हणाले.

"काही नाही सर. वाक्य छान झालंय."

"उत्तराच्या भाषणातही त्याला दुजोरा हवा. लिहा, की माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं, विशेषतः टोकन पद्धतीबद्दल, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे."

लिहिलं. संध्याकाळपर्यंत फोडाच्या शेजारी दुसरा फोड आला.

आता शेजारच्यांना कळायला वेळ लागला नाही. समोरच्या दारात वैद्यबुवा राहतात. त्यांची नोकरी रंगाच्या कारखान्यात झाली, पण वर्तमानपत्रातली आरोग्याची पानं कापून ठेवून त्यांनी हा अधिकार मिळवलाय. त्यांनी मला दारातच आ करायला लावला आणि चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"उष्णता," ते म्हणाले. "थंड दूध घ्या. बर्फ ठेवा. मध लावा. केळं खा. केळ्याने गेलं नाही तर केळं बंद करा." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या कारखान्यात एकाला अस्संच आलं होतं. इथेच. डाव्या बाजूला."

"मग?"

"जाऊ दे. तुम्ही जेवून घ्या."

"अहो, पण त्यांचं पुढे काय झालं?"

"कशाला उगाच? जेवून घ्या तुम्ही," असं म्हणून त्यांनी हळूच दार लावून घेतलं. जेवण कसलं जातंय! बायकोचा प्रश्न, भाजीचा घास, खिडकीवरची माणसं, कशातही मी असलो तरी मनात एकच, त्या कारखान्यातल्या माणसाचं पुढे काय झालं.

खालच्या मजल्यावरच्या मावशींचं मत वेगळं पडलं. "पोट साफ नाही तुझं."

"मावशी, फोड गालात आहे."

"रस्ता एकच आहे ना?"

मावशींनी एरंडेल पाठवलं, मी ते घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीवरच्या लोकांना माझी वाट बघत बसावं लागलं. टोकन पद्धतीचा मला स्वतःला त्या दिवशी जेवढा उपयोग झाला तेवढा कधी झाला नव्हता. फोड जागेवरच होता.

मग औषधांच्या दुकानदाराने एक जांभळं औषध दिलं. बाटलीला ड्रॉपर होता. एक थेंब फोडावर टाकायचा. पण आरसा, टॉर्च, ड्रॉपर आणि स्वतःचा गाल एवढ्या चार गोष्टी दोन हातांत धरायच्या म्हणजे काय होतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी "अगं, जरा ये," म्हणून हाक मारली, ती आली आणि येता येता म्हणाली, "मी काय म्हणत होते, त्या नळाखाली आता बादली..." मी मान तिच्याकडे वळवली आणि अख्खा ड्रॉपर ओठांवर, हनुवटीवर आणि शर्टावर रिकामा झाला. साबण लावला, दगडाने घासलं, जांभळा रंग जास्तच खुलला.

तसाच ऑफिसला गेलो. इलाज नव्हता. रजेसाठी आस्थापना विभागात विचारलं होतं. तिथल्या बाईंना आम्ही नियमावली म्हणतो. त्यांनी पुस्तक उघडून बघितलं. "येता येत नसेल तर रजा आहे. बोलता येत नसेल तर नाही. तुम्ही आलेले दिसताय."

"मी विचारायला आलोय."

"म्हणजे बोलताही येतंय."

पुन्हा एक उत्तर जिभेवर आलं. पुन्हा ते गिळलं. पुन्हा कळ.

त्या दिवशी खिडकीवर मात्र नवल झालं. तावातावाने आलेला माणूस काचेतून माझं तोंड बघायचा आणि त्याचा आवाज खाली यायचा. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही आधी बरे व्हा, पाणी काय, येईल नंतर." माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याशी इतक्या सभ्यतेने कोणी बोललं नव्हतं. मला जरा भरूनच आलं.

पण तेवढ्यात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचं प्रकरण उभं राहिलं. त्या मी स्वच्छतागृहात करत होतो, आणि मनापासून करत होतो. आवाज, असं म्हणतात, साहेबांच्या केबिनपर्यंत जायचा. परिपत्रक निघालं. 'पाणीपुरवठा कार्यालयातच काही कर्मचारी पाण्याचा अनाठायी वापर करून मोठमोठ्याने गुळण्या करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' सर्वांनी घेतली. परिपत्रक सहीसाठी टेबलाटेबलावर फिरत माझ्याकडे आलं तेव्हा सगळे मान खाली घालून कामात गढलेले होते आणि सगळ्यांचे खांदे हलत होते. मी सही केली. लाउडस्पीकर लांबून म्हणाले, "भाषण पाठ करायला घेतलंय मी. असावं आपलं तयार."

फोड जायची चिन्हं नव्हती. जरा कमी झाल्यासारखा वाटायचा, मी भाषण वाचायला घ्यायचो, टोकनच्या वाक्यापाशी यायचो आणि फोड पुन्हा ताजा. शेवटी बायको म्हणाली, "दाताच्या डॉक्टरांकडे जा. मी येते बरोबर."

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. डॉक्टरकडे गेलो की ते कारखान्यातल्या माणसाचं उरलेलं वाक्य पूर्ण करतील असं वाटत होतं. बायकोला म्हटलं, मी एकटाच जातो. तिने हातात घेतलेली पिशवी परत खुंटीला अडकवली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. खुर्ची मागे झोपवली, दिवा ओढला आणि तोंडात छोटा आरसा घातला. मी डोळे मिटून घेतले.

"काळजी वाटतेय का?"

मी मान हलवली.

"वाटतं तसं काही नाही. साधे फोड आहेत. याची कारणं बरीच असतात. दात लागतो, ब्रश टणक असतो, झोप नीट नसते, डोक्याला ताप असतो, आंबट-तिखट जास्त होतं. कधी रक्तात लोह किंवा बी-बारा कमी असतं, वारंवार येत असतील तर ते तपासून घ्या. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. आणि एरवी आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण जातात. त्याहून जास्त राहिला तर मात्र घरी प्रयोग करत बसायचं नाही, दाखवायचं." त्या थांबल्या. "हे जांभळं कशाचं?"

"प्रयोग," मी म्हणालो.

"हं. तुमचे बरे होता होता परत येतात, नाही का? हे बघा." त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि गाल बाहेर ओढून धरला. गालाच्या आत, दातांच्या रांगेला समांतर, एक पांढरी रेघ होती. "ही रेघ दातांनी पडलीय. तुम्ही गाल चावता." त्यांनी गाल सोडला.

मी गाल चावतो! म्हणजे मला काय वेड लागलंय की काय? एवढ्या वर्षांची नोकरी झाली, चारचौघांत बसणारा-उठणारा माणूस मी, आणि ही कालची मुलगी... पण डॉक्टरांना असं कसं बोलणार, म्हणून मी गप्प बसलो.

"हे बघा, आत्ता चावलात," त्या म्हणाल्या.

"मी?"

"काय म्हणणार होतात?"

"काही नाही."

"परत चावलात."

मी आरशात बघितलं. खरंच की. जीभ उचलली गेली होती, उत्तर ओठांपर्यंत आलं होतं, आणि ते परत फिरवायला डावा गाल आपण होऊन दाताखाली सरकला होता. सगळं इतकं मुकाट आणि सराईतपणे चाललं होतं की मला स्वतःचं कौतुकही वाटलं आणि लाजही वाटली.

"दाढेचा एक कोपरा धारदार झालाय, तो मी घासून बोथट करते," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पण सवय घासायचं यंत्र माझ्याकडे नाही. मऊ ब्रश घ्या. हे जेल जेवणाआधी लावा, मुगाच्या दाण्याएवढं, जास्त नको, जीभ बधिर होते. आणि बोलायचं असेल ते गिळत जाऊ नका."

म्हणायला सोपं आहे. घरी येईपर्यंत मी स्वतःवर लक्ष ठेवलं. रस्त्यात एकाने धक्का दिला, चावलं. भाजीवाल्याने वरची चांगली ठेवून खालची घातली, चावलं. जिन्यात मावशींनी "एरंडेल परत घेतलंस का?" विचारलं; चांगलंच चावलं. माझा गाल अजून शाबूत आहे हेच नवल वाटायला लागलं. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ब्रशचं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." मी म्हटलं, "असेल, पण डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं."

निरोपाचा दिवस उजाडला. उपाहारगृहातली टेबलं कडेला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे साहेब, त्यांच्या बाजूला त्यांच्या पत्नी, टेबलावर फुलांचा गुच्छ आणि भेट द्यायचं भिंतीवरचं घड्याळ. साहेबांच्या मांडीवर मंजूर भाषणाची प्रत होती. मी वाचेन तसं ते बोट फिरवत जाणार होते. लाउडस्पीकर पहिल्या रांगेच्या कडेला, निघायच्या तयारीत बसावं तसे बसले होते. माझा आवाज अडखळला की ते उठणार हे सगळ्यांना दिसत होतं.

मी ऐनवेळी धीर सोडला. स्वच्छतागृहात जाऊन, गुळण्या न करता, जेलची नळी पिळली. मुगाएवढं सांगितलं होतं, लिंबाएवढं लावलं. ओठ गेले, गाल गेला, अर्धी जीभ गेली. माईकसमोर उभा राहिलो तेव्हा तोंडाचा डावा भाग माझ्या मालकीचा उरला नव्हता. 'अत्यंत कर्तव्यदक्ष' म्हणताना 'अत्यंत' एवढंच नीट निघालं. लाउडस्पीकर खुर्चीवरून अर्धे उठले. मी वेग कमी केला, एकेक शब्द धरून धरून काढायला लागलो, आणि लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय. साहेबांच्या पत्नींनी रुमाल काढला. लाउडस्पीकर परत बसले.

शिस्तप्रिय आणि प्रेमळ झालं. विनोदाची आवड झाली. शेवटचं पान उलटलं. साहेबांचं बोट त्या वाक्यावर येऊन थांबलं होतं.

"आपल्या तक्रार खिडकीवरची टोकन पद्धत," मी वाचलं, "ही..."

गाल आपण होऊन दाताखाली सरकला असणार. पण दाढेचा कोपरा बोथट झालेला, गाल बधिर. कळ आलीच नाही. रोज ज्या ठिकाणी शब्द अडायचा तिथे अडायला काही नव्हतं, आणि तो सरळ बाहेर पडला.

"ही माझी कल्पना आहे," मी म्हणालो. "पहिली टोकनं मी घरी बसून पुठ्ठ्याची केली. साहेब त्यावर चर्चा करणार होते."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. साहेबांचं बोट कागदावर त्या वाक्याखाली पुढेमागे झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग सवयीने खिशातून लाल पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं. मी भाषण संपवलं आणि खाली बसलो. टाळ्या आधी मागून आल्या, खिडकीवरच्या आणि शिपाई लोकांच्या, मग पुढेही सरकल्या.

साहेब उत्तराला उभे राहिले. फायलीत नसलेलं वाक्य साहेबांनी त्या इमारतीत कधी उच्चारलं नव्हतं, तेव्हा आता कुठून आणणार? त्यांनी मंजूर उत्तर उघडलं आणि वाचायला लागले. "आपण सर्वांनी केलेल्या कौतुकाने मी भारावून गेलो आहे. माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं, विशेषतः टोकन पद्धतीबद्दल..." इथे त्यांना पुढचं दिसलं. ते थांबले. पण सुरू केलेलं काम अर्धवट सोडायचा साहेबांचा स्वभाव नाही, हे मीच आत्ता भाषणात सांगितलं होतं. "...त्यातला शब्द न् शब्द खरा आहे," साहेब म्हणाले.

उपाहारगृह दणाणून गेलं. लाउडस्पीकरसुद्धा टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या टाळ्यांचा आवाजही सगळ्यांत मोठा होता.

चहाच्या वेळी साहेब माझ्यापाशी आले. मी उभा राहिलो. "मसुद्यात बदल केला की फेरमंजुरी घ्यायची असते," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "टोकनचं चांगलं झालं होतं हं ते." आणि घड्याळ काखेत मारून गेले. त्या वेळी मला ते पहिल्यांदा थोडे आवडले.

त्यानंतर मी सुटलोच. भाजीवाल्याला खालची भाजी परत घ्यायला लावली. मावशींना एरंडेलाची बाटली परत नेऊन दिली. वैद्यबुवांचं दार वाजवलं आणि उंबऱ्यात पाय ठेवून विचारलं, "त्या कारखान्यातल्या माणसाचं पुढे काय झालं? आत्ता सांगायचं."

"काय होणार?" वैद्यबुवा म्हणाले. "बरा झाला."

घरीही मी मन मोकळं करायला लागलो. आमटी पातळ झाली तर पातळ म्हणायचो, पडदे आवडत नव्हते ते इतक्या वर्षांनी सांगितलं. जेवताना टोकनची गोष्ट तर रोज व्हायची. पाहुणे आले की पहिल्यापासून. मला कल्पना कशी सुचली, एकदम कशी सुचली, सगळं. फोड भरून आला, मागे खूण राहिली नाही. मऊ ब्रशही आणला. बायको आपली गप्प गप्प असायची, मला वाटलं ऐकतेय.

एक दिवस सकाळी मी शर्टाची बटणं लावत होतो, तर ती आरशासमोर उभी. "जरा टॉर्च धरता का?" म्हणाली.

मी धरला. डाव्या गालाच्या आत, मागून दुसऱ्या दाढेच्या शेजारी, पांढरा, कडेने लाल. आणि वर, दातांच्या रांगेला समांतर, रेघ.

"अगं, हा कधी आला?"

"तुमच्या भाषणापासून येतोय-जातोय."

आता या विषयातला माझा अभ्यास दांडगा. मी म्हटलं, "तू काहीतरी गिळतेयस. काय बोलायचंय तुला?"

"काही नाही."

"परत चावलीस."

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "टोकन," ती म्हणाली.

"कसलं टोकन?"

"तुमची बाही शिवत होते तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात आकड्यांचे बिल्ले देतात, तसे तुमच्या खिडकीवर द्या की. तुम्ही म्हणालात, 'थांब, मधे बोलू नकोस, मला एक सुचतंय.'" बोलताना तिचा आवाज जराही चढला नव्हता. "गोलसुद्धा मीच कापले होते. तुम्ही सगळ्यांना सांगता, मी घरी बसून केली."

उत्तर लगेच जिभेवर आलं. आकडे मी घातले होते. प्रस्ताव मी लिहिला होता. वर्षभर साहेबांच्या दारात मी उभा राहिलो होतो. सगळं खरं होतं आणि सगळं तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. दात गालाला लागला, चांगला लागला. लागू दे म्हटलं.

"तू म्हणतेस त्यातला शब्द न् शब्द खरा आहे," मी म्हणालो.

"हे कोणी लिहून दिलं?"

"कोणी नाही."

ती वळली. मग माझ्या हातातला टॉर्च घेऊन तिने बंद केला, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि मी बसेपर्यंत थांबली.

"आता नळाचं," ती म्हणाली.